मालसरचा घाट आणि बडोद्याचा दवाखाना

आमच्या नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिथल्या फलाटावर असे बाक आहे की एका टोकाला बसलेला माणूस एका राज्यात आणि दुसऱ्या टोकाचा दुसऱ्या राज्यात. अशा गावात वाढलेल्यांना मुलगी बडोद्याला दिली म्हणजे परमुलखात दिली असे वाटत नाही. माझी थोरली बहीण लग्न होऊन दांडिया बाजारात गेली, त्याला पन्नास वर्षे होत आली. तिच्या घरात मराठी, ओट्यावर गुजराती, आणि हिशेब कोणत्या भाषेत करते ते तिचे तिलाच ठाऊक.

गेल्या माघात तिचा फोन आला. "भाऊ, पाच दिवसांची साधना-यात्रा आहे. बडोद्याहून निघायचे आणि नर्मदेच्या काठी राहायचे. सकाळी योग, दुपारी वैद्य तपासणार, जेवण सात्त्विक. तू येतोस का? मला सोबत होईल."

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. यात्रेचा योग टाळायचा नसतो असे आई म्हणत असे. म्हणून गेलो.

यात्रेच्या पत्रकावर 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' असे मोठ्या अक्षरांत छापले होते. पाच हजार वर्षांचा हिशेब मला येत नाही. शे-सव्वाशे वर्षांचा मात्र येतो, आणि त्या हिशेबात बडोदे व नर्मदाकाठ यांचे नाव पुष्कळ वर येते. पाटी-चटई घेऊन शिबिराला बसणे, आसनांचे वर्ग, रोगावर योगोपचार, या ज्या गोष्टी आज आपण सनातन समजतो, त्यांच्या घडणीतला एक मोठा भाग याच पट्ट्यात झाला. घडवणाऱ्यांत दोन भाषांत वावरणारी, आपल्यासारखीच माणसे होती. ती हकीकत आपल्याकडच्या घरांत फारशी सांगितली जात नाही, म्हणून हा प्रपंच.

*

यात्रा निघण्याच्या आदल्या दिवशी ताईने मला दांडिया बाजारात फिरवले. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोद्यास आले आणि १९०६ पर्यंत सयाजीराव महाराजांच्या नोकरीत राहिले. विलायतेत वाढलेल्या या बंगाली गृहस्थाने मराठी आणि गुजराती इथेच शिकून घेतली. खासेराव जाधवांशी त्यांचा स्नेह. १९०४ च्या सुमारास त्यांनी प्राणायाम सुरू केला. तो त्यांना दाखवला देवधर नावाच्या एका इंजिनियरने, आणि हे देवधर चांदोदजवळच्या गंगनाथच्या ब्रह्मानंदांचे शिष्य. पुढे राजकारणाच्या धावपळीत तो नेम मोडला, तेव्हा आपल्याला जिवावरचे दुखणे आले, असे अरविंदांनी स्वतःच सांगून ठेवले आहे.

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस फुटली. तिथून अरविंद बडोद्यास आले आणि जानेवारी १९०८ मध्ये विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर सरदार मुजुमदारांच्या वाड्यात, वरच्या मजल्यावरच्या लहानशा खोलीत तीन दिवस बसले. मनात येणारा विचार बाहेरून येतो, त्याला आत शिरू देऊ नका, एवढीच लेल्यांची शिकवण होती. देशभर नाव झालेला पुढारी तीन दिवस दार लावून गप्प बसतो, ही गोष्ट आज 'शिबिर' म्हणून सांगितली तर कोणालाही कळेल. फरक इतकाच की त्यात पत्रक नव्हते आणि फी नव्हती.

याच शहरात जुम्मादादांचा आखाडा होता. उस्ताद मुसलमान, आणि त्यांची गादी चालवणारे शिष्य मराठी : राजरत्न प्रोफेसर माणिकराव. कुस्ती, मल्लखांब, लाठी यांबरोबर शरीर कसे बनते याचाही तिथे विचार होई. मुजुमदार घराण्यातल्याच द. चिं. मुजुमदारांनी पुढे मराठीत दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' बडोद्यातून काढला. व्यायामावर दहा खंड! आपल्या भाषेचे हे धन बडोद्याच्या पदरातले आहे.

या आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात एक तरुण माणिकरावांकडे शिकत होता. त्याचे नाव जगन्नाथ गणेश गुणे.

*

दुसऱ्या दिवशी बस डभोईवरून गेली. हिरा भागोळीचा जुना दरवाजा बघायला मंडळी उतरली. डभोई हे रेल्वेच्या इतिहासातही मानाचे गाव. १८६२ साली गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू केली आणि आरंभी ती बैलांनी ओढली. पण मला डभोईला नमस्कार करायचा होता तो दुसऱ्या कारणाने. वर सांगितलेला गुणे याच गावी ३० ऑगस्ट १८८३ रोजी जन्मला. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवणारा हा हुशार मुलगा पुढे स्वामी कुवलयानंद झाला.

आपल्या खानदेशाशीही त्यांचा संबंध आहे. अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. म्हणजे जन्म डभोईचा, तालीम बडोद्याची, नोकरी अमळनेरची. या माणसाला गुजराती म्हणावे की मराठी, हा प्रश्न आपल्या भागात कोणी विचारणार नाही.

चांदोदला नर्मदा आणि ओरसंग यांचा संगम आहे. तिसरी सरस्वती गुप्त आहे अशी श्रद्धा. तिथे स्नान करून संध्याकाळी आम्ही मुक्कामाच्या आश्रमात पोचलो. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालसर.

मालसर हे शिनोर तालुक्यातले, नर्मदेच्या उत्तर तीरावरचे गाव. परिक्रमावासी इथून जातात. इथे परमहंस माधवदासजी राहत. ते मूळ बंगालचे, भक्तिमार्गी आणि हठयोगी दोन्ही. अनुयायी त्यांचे वय शंभराच्या बरेच पुढचे सांगत. १९२१ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांच्याकडे दोन तरुण आले. एक सुरत भागातला मणिभाई देसाई, म्हणजे पुढचे श्री योगेंद्र. त्यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली. दुसरे आपले गुणे. त्यांची आणि माधवदासजींची भेट १९१९ ची. नदीकाठच्या एका म्हाताऱ्या साधूजवळून, एक गुजराती आणि एक मराठी, असे दोघे निघाले आणि योग गुहेतून दिवाणखान्यात, शाळेत, दवाखान्यात आला. मालसरच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी हे ताईला सांगत होतो. ती पाण्यात पाय सोडून ऐकत होती.

"मग हे सगळे साधूबाबांनी सांगितले तसे मानले, असेच ना?" तिने विचारले.

गंमत अशी की तसे झाले नाही. आणि माझ्या मते या सगळ्या हकीकतीचे मर्म तिथेच आहे.

*

गुरूकडून क्रिया शिकल्यावर कुवलयानंदांनी १९२०-२१ मध्ये आपल्या काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन बडोद्याच्या सरकारी दवाखान्याची प्रयोगशाळा गाठली. उड्डियान बंध आणि नौली करताना पोटात नेमके काय घडते ते त्यांना यंत्राने पाहायचे होते. गुरुवचनावर त्यांची निष्ठा होती, पण 'गुरू म्हणतात' एवढ्यावर लोकांना सांगायला ते तयार नव्हते.

नौलीचे उदाहरण घ्या. हठयोगाच्या षट्कर्मांत बस्ती आहे. साधक पाण्यात बसून नौली करतो आणि पाणी आपोआप आतड्यात ओढले जाते. कसे? जुने लोक म्हणत, अपानवायूने. कुवलयानंदांनी दाब मोजला तेव्हा दिसले की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, निर्वातासारखी स्थिती येते, म्हणून पाणी आत शिरते. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले : 'माधवदास व्हॅक्यूम'. गुरुदक्षिणेचा असा प्रकार मी दुसरा ऐकलेला नाही.

१९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्यास कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघाले. त्यात क्ष-किरणांची चित्रे, दाबाचे आकडे आणि शेजारी आसनांची कृती असे. गांधीजींनी १९२७ मध्ये प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. १९६६ मध्ये कुवलयानंद गेले तेव्हा योगोपचार हा शब्द रूढ झालेला होता.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. प्राणायामाने भरपूर प्राणवायू मिळतो, हा समज तेव्हाही होता आणि आजही प्रत्येक शिबिरात ऐकू येतो. कुवलयानंदांनी प्राणायामावरच्या आपल्या पुस्तकात हा समज चुकीचा असल्याचे लिहिले. प्राणायामाची थोरवी दुसरीकडे आहे, असे त्यांचे म्हणणे. स्वतःच्या बाजूचा, सोयीचा समज खोडायला धैर्य लागते.

आयुर्वेदाचेही तसेच. आज योग आणि आयुर्वेद जुळी भावंडे म्हणून एकत्र मांडतात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. आयुर्वेदातही बस्ती आहे, ती पंचकर्मांतली. तिच्यात काढा किंवा तेल वैद्य बाहेरून देतो. हठयोग्याची बस्ती साधक स्वतः करतो. शब्द एक, कर्म दोन. शिवाय हठप्रदीपिकेत स्पष्ट सांगितले आहे की षट्कर्मे मेद आणि कफ वाढलेल्यांसाठी. इतरांना त्यांची गरज नाही. आणि चरकाने ज्ञानाची साधने मोजताना आप्तवाक्याबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती हीही सांगितली. सरसकट सर्वांना एकच उपाय, ही चाल या दोन्ही शास्त्रांना मान्य नाही.

*

हे पुराण इतके लांबवण्याचे कारण तिसऱ्या दिवशी घडले.

ताईला पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार. गोळ्यांचा निळा डबा तिच्या पिशवीत कायम असतो. त्या सकाळी एक स्वयंसेवक ताट घेऊन आला. यात्रेकरूंनी आपापल्या गोळ्या त्या ताटात ठेवायच्या होत्या. शरीर शुद्ध होत असताना बाहेरचे औषध नको, असे तो सांगत होता. मुलगा गोड बोलणारा, मनाने स्वच्छ. "बेन, गोळीओ अहीं मूकी दो. श्रद्धा राखो."

चार-पाच जणांच्या गोळ्या ताटात पडल्या होत्या. ताईने डबा हातात घेतला. ती भाविक आहे. आमचे वडील पायी परिक्रमेला निघून अर्ध्यावरून आजारी परत आले होते, आणि तो अपुरेपणा तिच्या मनात आहे. नर्मदामाईच्या काठी कोणी श्रद्धेचे नाव घेतले की तिचा हात आपोआप पुढे होतो. मला ते दिसले आणि छातीत धस्स झाले. बहिणीची श्रद्धा मोडणारा मी कोण, असेही वाटले.

मी फक्त इतकेच म्हटले, "ताई, काल घाटावर सांगितले ते आठव. माधवदासजींचा शिष्य आधी दवाखान्यात गेला, मग लोकांना सांगायला लागला. आपण निदान वैद्यांना विचारू."

दुपारी तपासणाऱ्या वैद्यांकडे गेलो. तरुण होते, आयुर्वेदाची पदवी घेतलेले. सगळे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. साखर एकदम चढेल. हे मी कोणाला सांगितलेले नाही." ते स्वतः उठून बाहेर गेले आणि ताटातल्या गोळ्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या. स्वयंसेवक खाली मान घालून उभा होता. त्याला कोणी रागावले नाही. त्याने ऐकले ते त्याने सांगितले; विचारून पाहायचे असते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

२०१५ पासून २१ जूनला जगभर योगदिन साजरा होतो. आपल्याकडेही शाळांच्या मैदानांवर चटया पसरतात. त्या दिवशी भाषणांत पाच हजार वर्षे येतात, पण बडोद्याच्या दवाखान्यातली ती दोन वर्षे सहसा येत नाहीत. श्रद्धा आणि तपासणी यांत भांडण नाही, हे त्या दोन वर्षांनी दाखवले होते. आणि ते दाखवणारा माणूस अमळनेरला आपल्या मुलांना शिकवत होता. एवढे तरी त्या दिवशी सांगायला काय हरकत आहे?

त्या संध्याकाळी ताईने जेवणाआधी गोळी घेतली. पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाली, "तुझे ते कुवलयानंद डभोईचेच ना? मग घरचेच माणूस. त्यांचे ऐकले तर माई रागावणार नाही." आणि शवासनाला जाऊन पडली.

घरी परतल्यावर तिने साखर तपासून घेतली. यात्रेआधीपेक्षा थोडी उतरली होती. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली आणि आसने सोडू नका म्हणून बजावले. ती रोज सकाळी गच्चीवर आसने करते, आणि निळा डबा अजून पिशवीत आहे.