मावळ्याचा रंग कोणी ठरवला?

जूचंद्रमध्ये रंगांवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. हे रांगोळीकारांचं गाव. चंडिकादेवीच्या डोंगराखाली, जमिनीवर चिमटीने माणसाचा चेहरा उभा करणारे हात इथे घरटी सापडतात. त्यामुळे रांगोळीबद्दल मी तुम्हाला काही शिकवणार नाही. आज बोलायचंय ते अंगठ्याच्या पेराएवढ्या शिपायांबद्दल, आणि त्यांना लावलेल्या रंगाबद्दल. विषय पोरखेळाचा वाटेल, पण थोडं थांबा.

दिवाळीत आपण किल्ला करतो. दगड, विटा, गोणपाट, वर चिखल, त्यावर मोहरी नाहीतर हळीव पेरायचं. मग बाजारातून मावळे आणायचे. सिंहासनावरचे महाराज बहुतेक वेळा बुरुजापेक्षा उंच असतात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. इथलं माप अंतराचं नसतं, मानाचं असतं. आता त्या मावळ्याकडे नीट बघा. भगवी किंवा लाल पगडी, पांढरा अंगरखा, कमरेला शेला, हातात भाला नाहीतर ढाल-तलवार. शंभर मावळे घेतले तरी शंभरांचा पोशाख तोच. हा रंग ठरवला कोणी?

हा प्रश्न जगात दुसरीकडेही विचारला गेलाय, आणि तिथे त्याचं उत्तर फार वेगळ्या वाटेने गेलं. ती वाट आधी बघू.

युद्ध टेबलावर मांडून खेळायची कल्पना प्रशियाच्या लष्करात रुजली. राइसविट्झ नावाच्या घराण्यातल्या वडिलांनी 1812 मध्ये राजाला असा खेळ टेबलासकट दाखवला आणि मुलाने 1824 मध्ये त्याचे नियम छापले. त्यात शिपायांचे पुतळे नव्हतेच. लहान ठोकळे होते, एका बाजूचे लाल, दुसऱ्या बाजूचे निळे. रंगाचं काम एकच, हा कोणाचा ते सांगणं. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफात हेच दिसतं. दशावतारी गंजिफाची 120 गोल पानं, दहा अवतारांची दहा घराणी, प्रत्येक घराण्याची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची. चितारी मंडळींनी पान कितीही सुंदर रंगवलं तरी तो रंग बदलायची मुभा नाही. बदलला तर डाव मोडेल. म्हणजे इथे रंग हाच नियम आहे.

दुसरीकडे न्यूरेंबर्गला अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. मग 1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने आतून पोकळ शिशाचे शिपाई काढले. धातू कमी, म्हणून स्वस्त. हे शिपाई रंगवूनच विकले जायचे आणि रंगवायचं बरंचसं काम घरी बसून, नगावर मजुरी घेऊन बायका करायच्या. त्यांची नावं कुठल्याच डब्यावर नाहीत. एच. जी. वेल्स, तेच, विज्ञानकथा लिहिणारे, त्यांनी असे शिपाई जमिनीवर मांडून लाकडाच्या गोळ्या उडवणाऱ्या खेळण्यातल्या तोफांनी पाडायचे नियम 1913 मध्ये पुस्तकात छापले. पुस्तकाचं नाव ‘लिटल वॉर्स’. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध सुरू झालं.

यानंतर हौशी लोक स्वतः शिपाई रंगवायला लागले आणि तिथे एक नवीन जाच सुरू झाला. नेपोलियनच्या अमुक पलटणीच्या कॉलरचा रंग कोणता, बाहीवर बटणं किती, हे पुस्तकात बघून रंगवायचं. चुकलात तर क्लबातला कोणीतरी लगेच दाखवून देणार. मला स्वतःला या बटणं मोजणाऱ्या मंडळींबद्दल आदर आहे. खेळण्याच्या निमित्ताने त्यांनी गणवेशांचा इतिहास जपला. पण खेळायला आलेल्या पोराचा जीव त्यात मेटाकुटीला यायचा, हेही खरं.

त्यातून सुटका झाली ती राक्षसांमुळे. 1971 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांचे नियम काढले, ‘चेनमेल’ नावाने. शेवटी एक पुरवणी जोडली, ड्रॅगन, जादूगार, बुटके यांची. त्याच धाग्यातून 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं. इंग्लंडमध्ये 1979 मध्ये सिटाडेल मिनिएचर्स ही ओतकामाची कंपनी निघाली आणि 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ. आता टेबलावर जे मिनिएचर उभं राहिलं, साधारण 28 मिलिमीटर उंचीचं, त्याला इतिहासच नव्हता. हिरव्या राक्षसाच्या पलटणीची बटणं कोण मोजणार? आणि दुसरी गोष्ट, मिनिएचर कोरं विकलं जायचं. धातूचं, पुढे प्लॅस्टिकचं, पण बिनरंगाचं. घेणारा तोच रंगवणारा.

मग त्याच्यावर बंधन कशाचं? बंधन उजेडाचं. हा मुद्दा तुम्हाला इथे पटकन कळेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खऱ्या माणसाच्या अंगरख्याला चुणी पडली तर ती बोटभर खोल असते, तिथे सावली पडते. मिनिएचरच्या अंगरख्यावरची चुणी अर्धा मिलिमीटर खोल. ट्यूबलाइटखाली, हातभर अंतरावरून, तिथली सावली डोळ्याला दिसत नाही. एकाच रंगात बुडवून काढलं तर शिपाई साबणाच्या वडीसारखा दिसतो. म्हणून सावली आपण रंगवायची. पहिल्यांदा ओतकामाची शिवण कानशीने घासून काढायची. मग अस्तराचा हात, काळा, राखाडी किंवा पांढरा, रंग धरून ठेवायला. त्यावर मूळ रंग, पाणी घालून पातळ केलेले दोन हात. जाड एक हात दिला की नक्षी बुजली. मग गडद रंगाचं जवळजवळ पाणीच अंगभर सोडायचं, ते आपोआप खाचांत उतरतं आणि तिथे वाळतं. झाली सावली. नंतर ब्रशला फिका रंग घेऊन तो कागदावर पुसून टाकायचा, ब्रश कोरडा वाटेपर्यंत, आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. केस, लोकर, चिलखताच्या कड्या लगेच उठून येतात. शेवटी नाकाचं टोक, बोटांची पेरं, तलवारीची धार यांवर सगळ्यात फिका रंग, रेघेएवढा. आणि डोळे. आपल्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी जुन्या हाताचा माणूस करतो, ती का, हे 28 मिलिमीटरच्या चेहऱ्यावर ब्रश टेकवला की समजतं.

व्यक्तिचित्राच्या रांगोळीत तुम्ही काय करता? लेक कलर रांगोळीत मिसळून एकाच कातडीच्या रंगाच्या अनेक छटा आधी तयार ठेवता आणि सपाट जमिनीला उठाव देता. मिनिएचर रंगवणारा आधीच उठाव असलेल्या वस्तूला पुन्हा उठाव देतो. दोघंही खोट्या उजेडाचे कारागीर. फरक इतकाच, की तुमच्यासमोर बहुधा फोटो असतो आणि उजेड कुठल्या बाजूने आला ते त्याने ठरवलेलं असतं. मिनिएचरवाला सूर्य डोक्यावर आहे असं धरून चालतो.

आता परत मावळ्याकडे.

इथून रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला, वसईचा किल्ला आहे. चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला आणि मे 1739 मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला खाली केला. यावर पुस्तकं आहेत, व्याख्यानं होतात. इतिहासकार लिहितो, ‘मराठ्यांची फौज तटाला भिडली.’ वाक्य पूर्ण झालं. पण समजा, तुम्हाला तो वेढा टेबलावर मांडायचाय. मग त्या फौजेतल्या एकेका माणसाला पगडीचा रंग द्यावा लागेल. पायात जोडा होता की नव्हता, तेही ठरवावं लागेल. समोर तटावर पोर्तुगीजांच्या बाजूने लढणारी याच मुलखातली माणसंही होती, त्यांच्या कातडीचा रंग ठरवावा लागेल. वाक्याला जे टाळता येतं ते ब्रशला टाळता येत नाही. आणि तिथे आपली पंचाईत होते. शिवकाळातल्या किंवा 1739 च्या मराठी फौजेला एकसारखा गणवेश नव्हता. माणूस घरून निघाला त्या कपड्यात लढला. आपल्याकडे गणवेशातली कवायती पायदळं ठळकपणे दिसतात ती पुढे, महादजी शिंद्यांनी 1784 पासून द बॉइन्यकडून उभी करून घेतली तेव्हा.

म्हणजे बाजारातला एकसारखा मावळा इतिहासातून आलेला नाही, तो चित्रांतून आला. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रवि वर्म्यांच्या छापखान्यासारख्या ठिकाणांहून रंगीत तसबिरी घराघरांत गेल्या, मग कॅलेंडरं, नाटकांचे पोशाख. सिनेमाला मात्र या रंगाचं श्रेय देता येत नाही, भालजी पेंढारकरांचा 1952 चा ‘छत्रपती शिवाजी’ कृष्णधवल होता! खुद्द महाराजांच्या चेहऱ्याचं बघा. वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये अस्सल चित्र पुढे आणेपर्यंत भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं. मग साध्या शिपायाच्या पगडीची काय कथा.

मला यात मावळ्याला कमी लेखायचं नाही. पण तो आपला ड्रॅगनवाला शिपाई आहे, हे कबूल करायला हवं. दोघांचाही रंग मनातून आला. फरक असा, की परदेशातल्या पोराला कोरा राक्षस मिळतो आणि रंग त्याला ठरवावा लागतो. आपल्या पोराला मावळा रंगवून मिळतो, म्हणून हा प्रश्न त्याला पडतच नाही. ज्या गावात दहा वर्षांची मुलगी कातडीच्या छटा करू शकते, तिथेही किल्ल्यावर तयार रंगाचेच शिपाई उभे राहतात. याचं मला नवल वाटतं, आणि थोडं वाईटही.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग वसईच्या वेढ्यातला शिपाई रंगवायचाच झाला तर कसा?)

चांगला प्रश्न. कोरा मावळा मिळत नसेल तर तयार मावळ्यावर राखाडी अस्तर मारा. ब्रशचं टोक तोंडात घालून सरळ करू नका, ही सवय सगळ्यांनाच लागते. बघायला आधार हवा तर ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं पुस्तक आहे. 1809 मध्ये तो मराठी छावणीत होता, त्याची पत्रं 1813 मध्ये छापली गेली, आणि त्यातली रंगीत चित्रं इथल्याच चित्रकाराच्या हातची आहेत. काळ सत्तर वर्षं पुढचा आणि मुलूख उत्तरेचा, तेवढं लक्षात ठेवून बघायचं. माझ्यापुरतं सांगतो. अंगरखा पांढराशुभ्र नको, बिनधुवट सुताचा, पिवळसर. गुडघ्याखाली चिखलाचा हात द्या. पगड्या दहा जणांच्या दहा रंगांत, एखादी विटलेली, एखाद्याच्या डोक्याला नुसतं मुंडासं. दोघे-तिघे अनवाणी. आणि कातडीला एकच डबी नको, चार छटा करा. त्या कशा करायच्या, ते तुमच्या शेजारी बसलेल्या ताईंना विचारा.