मीठ : पानांतलें आणि पानाबाहेरचें

जेवणाच्या पानांत मिठाला डाव्या हाताचा कोपरा मिळतो, आणि तोही चिमटीएवढा. त्यावरून मीठ म्हणजे केवळ चवीची वस्तु, असा समज होणें साहजिक आहे. परंतु वऱ्हाडांतील जुन्या घरांत मिठाचें मडकें रितें होई तें कांहीं पानांतल्या मिठामुळेंच नव्हे. गोठा, माजघर, न्हाणीघर आणि आजाऱ्याची खाट ह्या सर्वांचा त्या मडक्यावर हक्क असे. मिठावरील कराचा इतिहास समजून घ्यावयाचा, तर आधीं हा घरांतला हिशेब ध्यानांत घेतला पाहिजे.

बडनेऱ्यापासून समुद्र शेंकडों मैल दूर. लोहमार्ग होण्यापूर्वीं कोंकणपट्टींतील मीठ वंजाऱ्यांच्या तांड्यांनीं बैलांच्या पाठीवर घाट चढून वर यावें आणि परतीच्या वाटेनें देशावरचा माल खालीं जावा, असा क्रम होता. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. बडनेरें त्यावरील ठाणें झालें व पुढें तेथून अमरावतीपर्यंत सहा मैलांचा फांटा निघाला. ज्या वाटेनें वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाऊं लागला, त्याच वाटेनें समुद्राचें मीठ वऱ्हाडांत येऊं लागलें.

गंमत अशी कीं, मीठ ह्या प्रांताच्या पायाखालींच होतें. बडनेऱ्याच्या पश्चिमेस भातकुली, दर्यापूर व पुढें अकोल्याकडे पूर्णा नदीच्या दोहों तीरांस खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचें पाणी खारट असतें. कांहीं ठिकाणीं तर इतकें खारट कीं, तें आटवून पूर्वीं मीठ काढीत. ज्या पाण्यानें तहान भागत नसे, तें पाणी निदान चूल सांभाळी. इंग्रजी अमलांत मिठावर सरकारी नियंत्रण आलें, आणि विहिरींतलें हें मीठ काढणें हा अपराध ठरला.

आतां मडक्याकडे वळूं. उन्हाळा आला कीं कैरीच्या फोडींना मीठ चोळीत. मीठ फोडींतलें पाणी ओढून घेतें. त्या खारांत कुजविणारे जंतु वाढूं शकत नाहींत, आणि वैशाखांतली कैरी पुढच्या वैशाखापर्यंत टिकते. दहा शेर फोडींना दोन शेरांच्या आसपास मीठ लागावें, हें गृहिणींचें जुनें माप. साठवणीची चिंच, भरलेल्या मिरच्या, सांडगे ह्यांनाही मिठाचाच आधार. गोठ्यांत सरकी व ढेप ह्यांबरोबर बैलांना मीठ देत. कारण घामावाटे गेलेला क्षार नुसत्या कडब्यानें भरून येत नाहीं. तांब्यापितळेचीं भांडीं चिंच व मीठ लावून घांसलीं म्हणजे लखलखतात. चिंचेंतील आम्ल धातूवरील काळिमा सैल करतें, आणि मीठ त्या कामीं त्यास जोर देतें. कापडास घरीं रंग देतांना रंगाच्या पाण्यांत मूठभर मीठ टाकीत. कांहीं जातींचे रंग त्यामुळें पाणी सोडून सुतांत अधिक शिरतात. धुतांना रंग मुळींच जाणार नाहीं, ही मात्र भाबडी आशा.

औषधांतही तीच गोष्ट. घसा बसला कीं कोमट मिठाच्या गुळण्या, पाय मुरगळला कीं कढत मिठाच्या पुरचुंडीचा शेक, हिरडी दुखली कीं मीठ व हळद. वऱ्हाडच्या उन्हांतून आलेल्या माणसास पन्हें किंवा ताक मीठ घालूनच देत. ह्या शेवटच्या रीतींत किती शहाणपण होतें, हें पुढें शास्त्रानेंही दाखविलें. १९७१ सालीं बंगालच्या सीमेवर बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनोबीस ह्यांनीं पटकीच्या रोग्यांस मीठ व ग्लूकोज घातलेलें पाणी पाजलें, आणि अनेकांचे प्राण वांचविले. आणि ज्याला औषध सांपडत नसे, तो दुखण्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकी. मुलास त्याचा गुण येवो न येवो, आईच्या मनास धीर येई.

ह्या सर्व मिठावर कर होता. १८७९ पर्यंत तर करचुकवें मीठ अडविण्यासाठीं उत्तरेंतून बऱ्हाणपुराकडे व तेथून ओरिसाच्या बाजूस जकातीची सरहद्द घातलेली होती. तिच्या बऱ्याच भागांत काटेरी झुडपांचें दाट कुंपण वाढविलेलें होतें. १९२३ सालीं कर मणास अडीच रुपये झाला, म्हणजे शेरास एक आणा. पुढच्याच वर्षीं तो सव्वा रुपयावर उतरला, तरी शेरामागें अर्धा आणा उरलाच. अर्ध्या आण्यानें कोण बुडतें, असें विचारणारे विचारीत. पण गरिबाच्या घरांत मीठ महागलें म्हणजे भाकरीवरचें मीठ शेवटीं कमी होतें. आधीं कमी होतें तें बैलाच्या तोंडचें, मग लोणच्याचें, मग शेकाचें. ही काटकसर कोणत्याही सरकारी दप्तरांत नोंदली जात नसे.

६ एप्रिल १९३० रोजीं दांडीस गांधींनीं मीठ उचललें. वऱ्हाडास समुद्र नव्हता, पण खाऱ्या विहिरी होत्या. त्याच एप्रिलांत अकोला जिल्ह्यांतील दहीहांडा येथें सत्याग्रहींनीं विहिरीचें खारें पाणी आटवून मीठ काढलें व कायदा मोडला. जी गोष्ट पूर्वीं सहजपणें चालत आली होती, तिच्यासाठीं आतां तुरुंगाची तयारी ठेवावी लागत होती.

५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारांत कर उठला नाहीं. मात्र जेथें मीठ सांपडतें वा तयार करतां येतें, त्या भागांतील गांवकऱ्यांस घरगुती उपयोगासाठीं व गांवांतल्या गांवांत विकण्यासाठीं मीठ काढण्याची मोकळीक मिळाली. संपूर्ण कर १९४७ सालीं गेला. करारांतील ‘घरगुती उपयोग’ हे दोन शब्द वाचणाऱ्यास लहान वाटतील. पण त्यांत लोणच्याची बरणी होती, बैलाची ढेप होती, आजाऱ्याचा शेक होता, आणि मुलावरून ओवाळून टाकलेली ती मूठही होती.