एकहार्य भाण आणि नटाची वही

संस्कृत रूपकांच्या दहा प्रकारांत ‘भाण’ हा सर्वांत कमी सामग्रीचा प्रकार होय. अंक एक, नटही एकच. म्हणून नाट्यशास्त्रांत त्यास ‘एकहार्य’ म्हटलें आहे. लहानशा मंडळीसही तो पेलण्यासारखा आहे. स्वतःचा अनुभव सांगणारा व दुसऱ्याचें वर्तन वर्णन करणारा असे त्याचे दोन भेद तेथें केले आहेत. दहाव्या शतकांत, मुंजराजाच्या काळीं, धनंजयानें ‘दशरूपकां’त चतुर विटाच्या मुखानें धूर्तांचें चरित्र सांगणें हें त्याचें लक्षण ठरविलें.

एकट्या नटानें संवाद कसा साधावा? त्यासाठीं ‘आकाशभाषित’ ही युक्ति आहे. समोर कोणी नसतां नट प्रश्न करितो, कान देतो, ‘किं ब्रवीषि’ असें म्हणून अदृश्य व्यक्तीचें बोलणें स्वतःच उच्चारतो, आणि लगेच त्यास उत्तर देतो. त्यामुळें दोन्ही बाजूंचें भाषण संहितेंत उतरतें.

या प्रकाराचे चार जुने नमुने ‘चतुर्भाणी’ या नांवानें १९२२ सालीं छापून आले. एम. रामकृष्ण कवि व एस. के. रामनाथ शास्त्री यांनीं ते केरळांतील हस्तलिखितांवरून प्रसिद्ध केले. शूद्रकाच्या नांवावरील ‘पद्मप्राभृतक’, ईश्वरदत्ताचा ‘धूर्तविटसंवाद’, वररुचीच्या नांवावरील ‘उभयाभिसारिका’ आणि श्यामिलकाचा ‘पादताडितक’ हे ते चार भाण. शेवटच्या भाणांत मदनसेनिका नांवाची गणिका विष्णुनाग नामक ब्राह्मणाच्या मस्तकावर पाय ठेविते, आणि त्याच्या प्रायश्चित्ताचा प्रश्न अखेर विटांच्या सभेपुढें येतो! धर्मनिर्णयाच्या गांभीर्याची ही थट्टा आहेच. पण तींतून लाट, सुराष्ट्र, शक, यवन अशा नाना लोकांनीं गजबजलेलें नगरही आपल्यापुढें उभें राहतें. राजशासनें व शिलालेख जें सांगत नाहींत, तें येथें विनोदाच्या आडून हातीं लागतें. विनोदी म्हणून कोणी हीं पानें टाकून दिलीं असतीं, तर हा पुरावा नष्ट झाला असता.

मराठी रंगभूमीवर पु. ल. देशपांडे यांनीं १९६१ सालीं ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानें उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनीं १९७९ सालीं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सादर करून बावन्न पात्रें एकट्याच्या देहीं वठविलीं. हे प्रयोग भाणपरंपरेंतून उतरले, असें आम्ही म्हणत नाहीं. तसा दुवा दिसत नाहीं. परंतु रिकाम्या जागेशीं बोलून तेथें माणूस दाखविण्याची विद्या दोहोंकडे सारखीच आहे.

हस्तलिखितांत शब्द राहतात. ‘किं ब्रवीषि’ म्हणण्यापूर्वी नट किती थांबे, कोठें वळे, हें मात्र त्यांवरून कळत नाहीं. प्रसिद्ध नटांच्या प्रयोगांचीं ध्वनिमुद्रणें तरी उरतात. लहान मंडळ्यांचे एकपात्री प्रयोग बहुधा एखाद्या फाटक्या वहींतच राहतात. त्या वहींत गाळलेलीं वाक्यें, गांवोगांव बदललेले विनोद व विरामांच्या खुणा असतील, तर प्रयोगाचा तोच सर्वांत जवळचा साक्षी होय.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, पोथ्यांच्या शेजारीं अशा वह्यांसही जागा द्यावी, आणि त्यांवर नटाचें नांव, गांव व प्रयोगाची मिति अवश्य नोंदवावी. स्वच्छ प्रत करून मूळ वही टाकून देऊं नये. खाडाखोड हाच तींतील इतिहास आहे.