रँक किती रे?

होस्टेलवर पहिल्याच रात्री कुणीतरी विचारतं, "रँक किती रे?" ऐकायला साधं. पण विचारणाऱ्याला आकडा नको असतो, जात पाहिजे असते. आधी आडनाव विचारत, आता रँक. एवढीच काय ती प्रगती!

१९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. प्रोफेसरांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी ते पितात म्हणून सोबतच्या काही प्रोफेसरांनी हरकत घेतली. अमेरिकेत शिकून आले होते. भांड्याला त्याचं काय?

२००६. दिल्लीचं एम्स. राखीव जागांविरुद्ध आंदोलन पेटलेलं. आपल्या पोरांनी तोंड उघडलं, पेपरात आलं, तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली. अध्यक्ष सुखदेव थोरात, बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजात शिकलेले. २००७ च्या अहवालात काय निघालं? छळाला कंटाळून पोरं एकेक करत होस्टेलच्या ठराविक मजल्यांवर सरकली. दारावर शिव्या. मेसमध्ये वेगळी टेबलं. क्रिकेट-बास्केटबॉलला घेत नाहीत. परीक्षक आडून जात विचारतो. म्हणजे गावकुसाबाहेरचा वाडाच, फक्त लिफ्टने वर नेलेला.

२०१२ साली यूजीसीने नियम केले. वर्गात जात पुकारणं, 'राखीववाला' म्हणणं, होस्टेल-मेसमध्ये वेगळं बसवणं, हा सगळा भेदभाव ठरला. लेखी तक्रारीचा निकाल ६० दिवसांत लावायचा.

आणि तरी २०१९. मुंबईचं नायर. जळगावची पायल तडवी, तडवी भिल्ल समाजातली, एम.डी. शिकत होती. घरच्यांचं म्हणणं, सीनियर छळतात हे आम्ही विभागात आधीच सांगितलं होतं. कॉलेजचं म्हणणं, लेखी तक्रार आलीच नाही. २२ मे रोजी पायल गेली. तीन सीनियर डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. पण त्या दोन म्हणण्यांच्या मधली जागा बघा, दोस्तांनो. तिथं एक शिक्का मारलेला कागद असता तर 'आलीच नाही' म्हणायला कुणाची जीभ उचलली नसती.

म्हणून आमच्याकडे एखादा मेसला यायचा बंद झाला, दार लावून बसू लागला, की आम्ही आधी त्याच्याजवळ जाऊन बसतो. एकटा सोडत नाही. तो हो म्हणाला की मग कागद: तारीख, जागा, कोण काय बोललं ते त्याच शब्दांत, कोण ऐकत होतं. दोन प्रती. एक ऑफिसात, एकीवर पोच. क्लार्क म्हणतो, "पोच मिळत नाही, साहेब नाहीत." मग आम्ही तिघं-चौघं बाकड्यावर बसतो. साहेब जेवायला तरी बाहेर येतातच.