लाल बावट्याचा डफ

१ मे रोजी आमच्या उर्दू शाळेत झेंडावंदन होते, महाराष्ट्र दिनाविषयी एखादा शिक्षक चार शब्द बोलतो आणि निकालपत्रके घेऊन मुले घरी जातात. काही वर्षांपूर्वी हे चार शब्द बोलण्याची पाळी माझ्यावर आली. मी संयुक्त महाराष्ट्राचा लढा सांगितला. हुतात्मे, आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे यांची नावे घेतली. कार्यक्रम संपल्यावर सातवीतला एक मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, इस में अपना कोई था क्या?"

मी म्हणालो, "था." पण मला स्वतःचीच लाज वाटली. ज्याचे नाव लहानपणापासून घरात ऐकले, त्याचेच नाव मी भाषणात घेतले नव्हते.

माझे दादा सोलापूरच्या गिरणीत कामाला होते. तरुणपणी त्यांनी अमर शेखांना ऐकले होते. म्हातारपणी त्यांना बरेच काही आठवत नसे, पण तो आवाज आठवे. "माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जायचे," असे ते सांगत. ते त्यांना 'आमचा शाहीर' म्हणत. 'आमचा' म्हणजे मुसलमानांचा, असे मी बरीच वर्षे समजत होतो. दादांच्या लेखी त्याचा अर्थ गिरणीवाल्यांचा असा होता, हे मला फार उशिरा कळले.

अमर शेखांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत झाला. मूळ नाव महबूब हुसेन पटेल. लोकगीतांचा वारसा त्यांना आई मुनेरबीकडून मिळाला. गरिबी इतकी की त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, मग गिरणीत मजुरी केली. बार्शीच्या गिरणी संपात पुढे आल्याने विसापूरच्या तुरुंगात जावे लागले आणि कम्युनिस्ट विचारांची दीक्षा त्यांना तेथेच मिळाली. पुढे कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत काही काळ गेला आणि महबूबचे अमर झाले.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे 'लाल बावटा कलापथक' उभे राहिले. वाटेगावच्या मांगवाड्यातले अण्णाभाऊ, बार्शीचे अमर शेख आणि त्यांच्या जोडीला गवाणकर. लालबाग-परळच्या चाळी, कामगारांच्या सभा, किसानांचे मेळावे हे त्यांचे रंगमंच होते. अण्णाभाऊंनी बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावर पोवाडा लिहिला, स्टालिनग्राडच्या लढाईवर लिहिला. दूरच्या रशियातले युद्ध गिरणगावातल्या माणसाला स्वतःचे वाटावे, ही त्या डफाची ताकद होती.

या मंडळींनी तमाशाच्या रूपातही मोठा बदल केला. जुन्या तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणेशवंदनेने होई आणि मग गौळण येई. अण्णाभाऊंनी गणात मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना वंदन केले आणि गौळण गाळली. याचा अर्थ जुन्या तमाशात मुसलमानाला जागा नव्हती असा नव्हे. पेशवाईतले सगनभाऊ मुसलमानच होते आणि राम जोशी, होनाजी यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते. त्याही आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. अमर शेख या परंपरेत उपरे नव्हते. फरक इतकाच की, नव्या गणात वंदन ज्याला होते तो कष्टकरी समोरच मांडी घालून बसलेला असे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकाच्या तमाशांवर बंदी घातली. तेव्हा अण्णाभाऊंनी 'तमाशा'ऐवजी 'लोकनाट्य' हा शब्द पुढे आणला आणि खेळ चालू ठेवले. सरकारला डफाची भीती वाटावी, याहून मोठे प्रशस्तिपत्र शाहिराला कोणते हवे?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हा आवाज घराघरांत पोहोचला. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड वरवर पाहता, पोटासाठी मुंबईत आलेल्या आणि बायकोला गावी सोडून आलेल्या कामगाराची विरहकथा आहे. पण शेवटाकडे ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होऊन जाते. अमर शेखांच्या आवाजात ती ऐकताना गिरणी कामगाराला राज्याच्या सीमेचा प्रश्न नकाशावर शोधावा लागत नसे. अत्रे त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार मात्र बाहेरच राहिले.

१९६९ साल मोठे वाईट गेले. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ आणि २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्याच मोडीत निघाल्या आणि या शाहिरीचा श्रोताही पांगला.

आता प्रश्न आपला. आम्हा उर्दू शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना कैफी आझमी ठाऊक असतात, सरदार जाफरी, मख्दूम ठाऊक असतात. कैफी मदनपुऱ्यातल्या कामगारांत काम करत आणि पक्षाच्या रेड फ्लॅग हॉलमध्ये राहत, त्याच मुंबईत त्याच झेंड्याखाली अमर शेख मराठीत गात होते. पण ते मराठीत गात म्हणून आमच्या उर्दू वर्गात आले नाहीत. धर्मकर्मापेक्षा चळवळीत रमणारा, गाणारा, कम्युनिस्ट माणूस म्हणून मोहल्ल्यानेही त्यांना फारसे जवळ केले नाही. आणि बाहेर कोणी आपल्या मराठीपणावर शंका घेतली, की मात्र आपण त्यांचे नाव दाखल्यासारखे पुढे करतो. मला वाटते, हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते दाखला देण्यासाठी गात नव्हते. मराठी ही त्यांच्या आईची भाषा होती आणि महाराष्ट्र त्यांच्या घामाचा होता; मग पुरावा कोणाला आणि कशासाठी द्यायचा?

त्या मुलाला मी "था" म्हणालो, ते उत्तर खरे असले तरी अपुरे होते. त्याचा 'अपना' आणि माझ्या दादांचा 'आमचा' यांत साठ वर्षांत केवढे अंतर पडले, हे त्याला सांगायचे राहिले. दुसऱ्या वर्षी मी बोलायला सुरुवात केली ती बार्शीपासून. महबूब पटेलांचे सांगताना अण्णाभाऊंचेही सांगितले, गवाणकरांचेही सांगितले. कारण तिघांना वेगळे केले तर ते पथक उरत नाही.

१९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले, अमर शेखांच्याच जिल्ह्यात. तेव्हापासून आपण बरेच लिहिले. पण ज्यांनी तो डफ प्रत्यक्ष ऐकला, ती माणसे आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. माझे दादा गेले तेव्हा मी त्यांचे बोलणे कुठेच उतरवून ठेवलेले नव्हते. तुमच्या मोहल्ल्यात, चाळीत असे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ घटकाभर बसा आणि ते काय सांगतात ते लिहून घ्या.