बॅग-इन-बॉक्स वाइन

बॅग-इन-बॉक्स हे वाइन साठवण्याचे व विकण्याचे, काचेच्या बाटलीला पर्याय ठरलेले एक वेष्टन आहे. पन्हळी पुठ्ठ्याचा खोका, त्याच्या आतील अनेक थरांची लवचीक प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीला जोडलेली तोटी हे त्याचे तीन मुख्य भाग होत. ३ लिटरचा खोका सर्वाधिक प्रचलित असून त्यात ७५० मिलिलिटरच्या ४ बाटल्यांइतकी वाइन मावते. १.५, २ व ५ लिटरचे खोकेही मिळतात. ऑस्ट्रेलियात या प्रकाराला 'कास्क' म्हणजे पिंप असे म्हणतात.

पार्श्वभूमी

वाइनचा मुख्य शत्रू ऑक्सिजन होय. हवेशी संपर्क आल्यास वाइनचा गंध मंदावतो, पांढऱ्या वाइनचा रंग तपकिरी होऊ लागतो आणि जिवाणूंची वाढ झाल्यास ती आंबट होते. काचेतून वायू आरपार जात नाही, तसेच काच वाइनशी रासायनिक प्रक्रिया करत नाही. म्हणून अनेक वर्षे मुरत ठेवायच्या वाइनसाठी बाटली हेच योग्य पात्र मानले जाते. मात्र बाजारात विकली जाणारी बहुतांश वाइन खरेदीनंतर थोड्याच काळात प्यायली जाते. शिवाय बाटली एकदा उघडली की रिकाम्या होणाऱ्या जागेत हवा शिरते व उरलेली वाइन काही दिवसांतच बिघडते. या दोन बाबींमुळे पर्यायी वेष्टनाची गरज निर्माण झाली.

इतिहास

पिशवी व खोका ही जोडी मुळात वाइनसाठी नव्हती. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्यम शोल यांनी १९५५ मध्ये बॅटरीतील आम्लाच्या सुरक्षित वाहतुकीसाठी ती तयार केली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेनमार्क येथील वाइन उत्पादक थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये वाइनच्या खोक्याचे एकस्व (पेटंट) घेतले. त्यांच्या खोक्यात १ गॅलन, म्हणजे सुमारे ४.५ लिटर वाइन असे. ग्राहकाने पिशवीचा कोपरा कापून वाइन ओतायची व कोपरा पुन्हा चिमट्याने बंद करायचा, अशी तिची रीत होती. ही रीत गैरसोयीची होती आणि हवाही पूर्णपणे रोखली जात नसे. १९६७ मध्ये चार्ल्स मॅल्पस व पेनफोल्ड्स या कंपनीने धातूचा मुलामा दिलेल्या पिशवीला हवाबंद प्लॅस्टिकची तोटी जोडण्याच्या रचनेचे एकस्व घेतले. आजचे खोके याच तत्त्वावर बनतात.

रचना व कार्य

वाइन काढली जाते तशी पिशवी आतल्या आत आकसत जाते. त्यामुळे बाटलीप्रमाणे काढलेल्या वाइनची जागा हवा घेत नाही. उघडलेला खोका साधारणपणे ४ ते ६ आठवडे टिकतो, त्याचे कारण हेच.

पिशवीच्या प्रत्येक थराचे काम वेगळे असते. वाइनला लागून असलेला थर पॉलिथिलीनचा असतो. तो उष्णतेने सहज सांधला जातो, परंतु त्यातून ऑक्सिजन आत झिरपतो. म्हणून त्याच्या जोडीला ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा दिलेले पॉलिएस्टर किंवा ऑक्सिजनला रोखणारे दुसरे प्लॅस्टिक वापरतात. पुठ्ठ्याचा खोका पिशवीला आकार व आधार देतो, प्रकाश अडवतो आणि मजकूर छापण्यासाठी पृष्ठभाग पुरवतो.

मर्यादा

कोणतीही लवचीक पिशवी पूर्णपणे हवाबंद नसते. थरांमधून, सांध्यांतून आणि विशेषतः तोटीतून थोडा ऑक्सिजन आत येतच राहतो. त्यामुळे न उघडलेल्या खोक्यातील वाइनही साधारण ६ ते १२ महिन्यांत संपवावी लागते. या कारणास्तव खोक्यावरील भरण्याची किंवा 'या तारखेपूर्वी वापरावे' ही तारीख द्राक्षहंगामाच्या वर्षापेक्षा अधिक महत्त्वाची ठरते. तापमान वाढल्यास ऑक्सिजन झिरपण्याचा व वाइन बिघडण्याचा असे दोन्ही वेग वाढतात. वाहतुकीत पिशवी वारंवार दुमडल्यास रोधक थराला सूक्ष्म भेगा पडतात. काही सुगंधी घटक प्लॅस्टिकमध्ये शोषले जातात. खोका अपारदर्शक असल्याने किती वाइन प्यायली गेली याचा अंदाज येत नाही, हाही एक व्यावहारिक दोष आहे.

इतर पर्याय

प्रत्येक पर्यायी वेष्टनाची अडचण निराळी असते. ॲल्युमिनियमच्या कॅनमधून ऑक्सिजन शिरत नाही. परंतु आतील संरक्षक लेप अपुरा असल्यास वाइनमधील सल्फर डायऑक्साइडची धातूशी प्रक्रिया होऊन सडक्या अंड्यासारखा वास येतो. पुनर्वापरित प्लॅस्टिकच्या चपट्या बाटल्या कमी जागा व्यापतात, मात्र त्यांतील वाइन दीर्घकाळ टिकत नाही. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलेल्या कागदी बाटलीचे वजन ८३ ग्रॅम असून तिच्या आतही प्लॅस्टिकची पिशवीच असते. शॅम्पेनच्या बाबतीत हे पर्याय लागू पडत नाहीत, कारण तिचे दुसरे किण्वन बाटलीतच व्हावे असा नियम आहे.

पर्यावरणीय परिणाम

काच वितळवण्यासाठी सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. रिकामी बाटली अर्धा किलोच्या आसपास भरते, म्हणजे ३ लिटर वाइनसाठी जवळपास २ किलो काच वाहून न्यावी लागते. तेवढ्याच वाइनच्या रिकाम्या खोक्याचे पिशवीसह वजन २०० ग्रॅमच्या आसपास असते. स्वीडन व नॉर्वेतील सरकारी मद्यविक्री संस्थांनी करवून घेतलेल्या २०१० मधील अभ्यासात बहुतेक निकषांवर काचेच्या बाटलीचा पर्यावरणावरील भार सर्वाधिक आढळला. स्वीडनमध्ये खपणाऱ्या वाइनपैकी सुमारे निम्मी वाइन खोक्यातून विकली जाते. मात्र खोक्याचा पुठ्ठा सहज पुनर्वापरात येत असला, तरी वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकजीव केलेली पिशवी पुन्हा वापरात आणणे अवघड असते. काच मात्र गुणवत्ता न गमावता पुनःपुन्हा वितळवता येते.

भारतातील स्थिती

भारतातील वाइन उत्पादनाचे प्रमुख केंद्र महाराष्ट्रातील नाशिक जिल्हा आहे. येथील वाइन प्रामुख्याने काचेच्या बाटलीत भरली जाते. नाशिकच्या सुला आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरातील फ्राटेली या कंपन्यांनी कॅनमधील वाइनही बाजारात आणली आहे. मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने विक्रीचे नियम व कर राज्यागणिक बदलतात. त्यामुळे नव्या वेष्टनासाठी उत्पादकाला प्रत्येक राज्याच्या नियमांचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो. उन्हाळ्यातील उच्च तापमान पाहता, खोक्यातील वाइन भारतात थंड जागी साठवणे व थंड ठेवूनच वाहून नेणे विशेष आवश्यक ठरते.