दोन संगणकांचा एक मॉनिटर : केव्हीएमची कुळकथा

टेबलावर संगणक दोन आहेत, मॉनिटर एकच. पहिल्याचं काम संपलं की माणूस टेबलामागे वाकतो, केबलच्या टोकाचे दोन स्क्रू बोटांनी सैल करतो, केबल दुसऱ्या संगणकाच्या पाठीत खोचतो, स्क्रू पुन्हा आवळतो. मग कीबोर्ड. मग माऊस. दिवसातून एकदा हे चालून जातं. दहा वेळा करायची पाळी आली की पिना वाकतात आणि माणूस वैतागतो. हा सगळा खटाटोप एका बटणावर आणणारी डबी म्हणजे केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडलं.

वरवर पाहिलं तर डबीचं काम एवढंच : इकडच्या तारा तिकडे जोडायच्या. पण तारा बदलणं पहिल्या दिवसापासून जमत होतं. अवघड गेलं ते आपण पाठ फिरवलेल्या संगणकाची समजूत घालणं. या डबीची कुळकथा म्हणजे ती समजूत कशी घालता आली, याची गोष्ट आहे.

संगणकाच्या इतिहासात ही गरज बरीच उशिरा आली. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ‘सीटीएसएस’ ही प्रणाली चालवून दाखवली गेली, तेव्हा प्रश्न नेमका उलटा होता. संगणक एक, वापरणारे अनेक. त्याचा वेळ सगळ्यांत वाटायचा कसा? १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला आणि हळूहळू माणशी एक यंत्र, यंत्रागणिक एक पडदा अशी वाटणी रूढ झाली.

ती मोडली सर्व्हरमुळे. १९८९ मध्ये कॉम्पॅकने ‘सिस्टिमप्रो’ हा पीसीच्या जातकुळीतला सर्व्हर काढला, १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी आलं. युनिक्सचा सर्व्हर एका सिरियल केबलवरून, नुसत्या अक्षरी आज्ञा देऊन सांभाळता येई. एनटीचा कारभार चित्रांचा, त्यामुळे त्याला पडदाही लागे आणि माऊसही. एका खोलीत असे वीस सर्व्हर असले तर मॉनिटरही वीस हवेत. काचेच्या नळीचा सतरा इंची मॉनिटर पंधरा-वीस किलोंचा, चालू असताना शंभरेक वॅट वीज खाणारा. म्हणजे खोलीत तीन-चारशे किलोंची भर, दोन किलोवॅटच्या शेगडीएवढी उष्णता आणि ती बाहेर काढायला वातानुकूलन. हे सगळं सांभाळणारा माणूस मात्र एक, आणि त्याचे डोळे एका वेळी एकाच पडद्यावर.

उपाय शेजारच्या टेबलावरच होता. दोन संगणकांना एक प्रिंटर जोडण्यासाठी पत्र्याचा एक डबा मिळे. पुढच्या बाजूला गोल खटका, त्याच्याभोवती ‘ए’ आणि ‘बी’. तीच युक्ती मॉनिटरला लावली गेली. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं होतं. त्याच्या पंधरा पिनांच्या जोडणीत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला एकेक तार, आडव्या-उभ्या मेळासाठी आणखी दोन. खटका फिरवला की या तारा एका संगणकापासून सुटून दुसऱ्याला लागत. केबल हलकी असली तर अक्षरांशेजारी त्यांचीच फिकी सावली पडे, पण चित्र दिसे.

कीबोर्ड आणि माऊसने मात्र दगा दिला. पीएस/२ कीबोर्डला वीज मिळाली की तो आधी स्वतःची तपासणी करतो आणि ‘मी ठीक आहे’ या अर्थाचा एक ठरलेला संकेत संगणकाला पाठवतो. खटका दुसरीकडे वळलेला असताना संगणक सुरू झाला तर हा संकेत त्याला मिळतच नाही. मग कीबोर्ड सापडत नसल्याची तक्रार पडद्यावर लिहून अनेक संगणक तिथेच थांबत. रात्री वीज जाऊन आली की सर्व्हर सकाळपर्यंत तसाच अडून राही.

माऊसची गत त्याहून वाईट. पीएस/२ माऊस वीज मिळताच बोलू लागत नाही. संगणकाने ‘आता कळवत जा’ अशी आज्ञा दिल्यावरच तो हालचाली कळवतो. खटका फिरताना त्याची वीज क्षणभर तुटली की तो पुन्हा मुका होतो. संगणकाने आज्ञा कधीच दिलेली असते, त्यामुळे तो ती पुन्हा देत नाही. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरे.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाकाचा इंटेलिमाऊस आणला आणि गुंता वाढला. साधा माऊस प्रत्येक हालचाल तीन बाइटांत सांगतो, चाकवाला चार बाइटांत. आपल्यापुढचा माऊस कोणता, हे ओळखायला संगणक त्याला वेग बदलण्याच्या तीन आज्ञा ओळीने देतो : २००, १००, ८०. ही खूण कळणारा माऊस स्वतःची ओळख बदलून सांगतो. मधल्या डबीला ही खूण ठाऊक नसेल तर चाक फिरतं आणि पान जागचं हलत नाही. तीन-चारचा हिशोब चुकला तर बाण पडद्यावर सैरावैरा धावतो, नको तिथे क्लिक होतं.

म्हणून डब्यात खटक्याच्या जागी छोटा प्रोसेसर आला. जोडलेल्या प्रत्येक संगणकाला तो सतत भासवतो की कीबोर्ड तुझ्याच जवळ आहे, माऊसही तुझ्याच जवळ आहे. आज्ञा आली की खऱ्या यंत्राच्या वतीने उत्तर तोच देतो. कॅप्स लॉकचा दिवा कोणत्या संगणकासाठी लागलेला होता, हेही लक्षात ठेवतो. प्रोसेसर कीबोर्डवरची प्रत्येक कळ आधी पाहत असल्यामुळे बटणापर्यंत हात नेण्याचीही गरज उरली नाही. मूळ आयबीएम पीसीपासून कीबोर्डवर असलेली आणि फारशी कुणी न वापरलेली स्क्रोल लॉक ही कळ दोनदा दाबली की संगणक बदलतो, अशी सोय अनेक स्विचांत झाली.

‘केव्हीएम’ हे नाव १९९५ चं. अमेरिकेत अलाबामातल्या हंट्सव्हिल गावच्या सायबेक्स कंपनीचे संस्थापक रेमिजियस शाटास यांनी ते रूढ केलं. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या अपेक्स कंपनीने, संगणकांची यादी चालू चित्रावरच उमटवून त्यातून निवड करण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. १९९८ मध्ये पेटंट मिळालं. हे दोन प्रतिस्पर्धी २००० मध्ये एकत्र आले आणि अॅव्होसंट ही कंपनी झाली. एमर्सन कंपनीने ती २००९ मध्ये सुमारे १.२ अब्ज डॉलरना विकत घेतली. पत्र्याच्या डब्यातून सुरू झालेला धंदा तिथवर पोचला.

या नावाला पुढे एक नावबंधूही मिळाला. क्युमरानेट या कंपनीत अवी किविटी यांनी लिहिलेला, एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारा ‘केव्हीएम’ २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत आला. आद्याक्षरं तीच, पण त्यातल्या ‘के’चा अर्थ कर्नल. दुकानात वा इंटरनेटवर नुसतं केव्हीएम म्हटलं तर आजही घोटाळा होतो.

कीबोर्ड-माऊसच्या बाबतीत संगणकाची समजूत पटली, तर आता मॉनिटर बोलू लागला होता. १९९४ मध्ये व्हेसा या संस्थेने ठरवलेल्या पद्धतीनुसार मॉनिटर स्वतःची माहिती संगणकाला देतो : कंपनी कोणती, आकार केवढा, चित्र किती बारीक. या १२८ बाइटांच्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. पडदा दुसरीकडे वळला आणि ही माहिती मिळेनाशी झाली की संगणक समजतो, मॉनिटर काढून नेला. परत यावं तर खिडक्या विस्कटलेल्या, अक्षरं भलत्याच आकाराची. चांगला स्विच म्हणून ईडीआयडीची प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि नजरेआडच्या संगणकाला ती दाखवत राहतो. पीएस/२ कीबोर्डसाठी शोधलेली युक्तीच इथे पडद्याच्या कामी आली.

आज घरात कार्यालयाचा एक संगणक आणि स्वतःचा एक अशी जोडी सर्रास दिसते. त्यासाठी पैसे मोजण्याआधी मॉनिटरची मागची बाजू पाहावी. तिथे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट अशा दोन जागा असतील तर दोन्ही संगणक थेट जोडता येतात आणि मॉनिटरच्याच बटणाने चित्र बदलता येतं. कीबोर्ड-माऊसला एक साधा यूएसबी स्विच पुरतो. दिवसातून पन्नासदा अदलाबदल होणार असेल, तर मात्र केव्हीएमच घ्यावा आणि तो ईडीआयडी सांभाळतो की नाही, हे दुकानदाराला आधी विचारावं.